सोलापुरातून अमेरिकी अभ्यासकाशी संवाद : निमंत्रणापासून शब्दांकनापर्यंत

अमेरिकेचे राजकारण, इतिहास किंवा संस्कृती यांवर लिहिणाऱ्या अभ्यासकाला सोलापूरच्या श्रोत्यांसमोर बोलते करणे ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी खर्चाच्या दृष्टीनेच अशक्य होती. आता वाचनालयाचे एखादे दालन, एक प्रोजेक्टर आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढ्यावर ती होऊ शकते. आमचे वाचक मंडळ गेली काही वर्षे असे कार्यक्रम करत आले आहे, आणि ज्यांना आपल्या गावात किंवा महाविद्यालयात असे काही सुरू करायचे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून आमची पद्धत येथे मांडत आहे. पहिल्या दोन कार्यक्रमांत पाहुणे उत्तम होते, दालन भरलेले होते, तरी दीड तासानंतर हाती काय लागले हे कोणालाच नीट सांगता येईना. पाहुण्यांना दिल्लीत किंवा लंडनमध्ये कोणीही विचारले असते तेच आम्ही विचारले होते, आणि त्यांनीही नेहमीची, पाठ झालेली उत्तरे सौजन्याने दिली होती. तिसऱ्या कार्यक्रमाच्या आधी आम्ही ठरवले की सोलापूरच्या माणसालाच सुचेल असा निदान एक प्रश्न हाती आल्याशिवाय तारीख ठरवायची नाही. पुढची सारी तयारी या एका अटीतून निघालेली आहे.

पाहुण्याची निवड आणि पहिले पत्र

‘अमेरिकेवर बोला’ असे निमंत्रण कोणत्याही गंभीर लेखकाला पाठवू नये. पत्रात त्यांच्या एका पुस्तकाचा आणि त्यातल्या एका प्रकरणाचा नेमका उल्लेख असावा. आपण कोण आहोत, श्रोते कोण असतील, संवाद किती वेळ चालेल, कोणत्या भाषेत चालेल आणि मानधन देता येईल की नाही, हे सगळे एका पानात, पहिल्याच पत्रात स्पष्ट करावे. प्राध्यापकांचे कार्यालयीन ईमेल पत्ते बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर असतात, तर इतर लेखकांपर्यंत प्रकाशकामार्फत पोहोचता येते. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी आणि मग तो नाद सोडावा. मानधन देता येणार नसेल तर आडवळणाने सांगू नये. सोलापुरी चादर पाठवण्याचे आश्वासन मानधनाची जागा घेऊ शकत नाही, जरी आमच्या एका पाहुण्यांनी ती चादर पांघरलेले छायाचित्र आवर्जून पाठवले असले तरी.

दूरचित्रवाणीवर रोज दिसणारा भाष्यकार मिळाला तर मंडळी हुरळून जातात, पण माझा अनुभव असा की अशा माणसाजवळ त्या आठवड्याच्या बातमीपलीकडे बोलायला उसंत नसते. ज्याने एखाद्या राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात वर्षे घालवली आहेत, असा कमी प्रसिद्ध इतिहासकार आपल्यासाठी कितीतरी अधिक मोलाचा असतो. न्यू जर्सीत पंचवीस वर्षे राहिलेला आपला भाचा किंवा पुतण्या हाही अमेरिकेच्या राजकारणाचा तज्ज्ञ आपोआप होत नाही. त्याला श्रोता म्हणून जरूर बोलवावे.

वाचन

मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक संपूर्ण वाचलेले असावे, हे लिहिण्याची वेळ येऊ नये. पण ती येते. केवळ प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचून आलेला मुलाखतकार लेखकाला पाच मिनिटांत कळतो. मी पहिले वाचन सलग करतो आणि दुसरे पेन्सिल हातात घेऊन, शेवटच्या टिपांपासून मागे येत करतो, कारण लेखकाने कोणती पत्रे, कोणती न्यायालयीन कागदपत्रे आणि कोणती वर्तमानपत्रे पाहिली हे टिपांतून कळते आणि खरे प्रश्न तेथेच सापडतात. त्याच पुस्तकावर प्रतिकूल मत देणारे एखाद्या अभ्यासकाचे परीक्षणही मिळवून वाचावे. ते परीक्षण लेखकाच्या तोंडावर फेकायचे नसते. आपला प्रश्न फार भाबडा राहू नये यासाठी ते हवे असते.

मंडळातील सर्वांनी तीनशे पानांचे इंग्रजी पुस्तक विकत घ्यावे आणि वाचावे ही अपेक्षा अवास्तव आहे. त्याऐवजी कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी आम्ही एक मूळ दस्तऐवज एकत्र वाचतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने असंख्य कागदपत्रे इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. एका बैठकीत आम्ही यादवी युद्धानंतरच्या तीनच घटनादुरुस्त्या वाचल्या : गुलामगिरी संपवणारी १८६५ ची तेरावी, नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणारी १८६८ ची चौदावी, आणि वंश किंवा वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी करणारी १८७० ची पंधरावी. तेराव्या दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते वगळून’ असा एक अपवाद आहे, याकडे लक्ष वेधले ते न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासदाने. ‘कायद्यात वगळून हा शब्द दिसला की तिथे थांबायचे,’ असे ते म्हणाले. दक्षिणेतील राज्यांनी हाच अपवाद धरून कैद्यांना खाणमालकांकडे आणि मळेवाल्यांकडे भाड्याने देण्याची पद्धत चालवली होती, आणि पुढे पाहुण्यांनी सर्वाधिक वेळ ज्या प्रश्नाला दिला तो याच अपवादावरचा होता.

आपला प्रश्न कोठे सापडतो

सोलापूरजवळ अमेरिकेला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ते आपल्या डोळ्यांसमोर इतके असते की दिसत नाही. कापसाचेच पाहा. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला. भारतीय कापसाला एकाएकी भाव चढला, मुंबईत सट्ट्याला ऊत आला, दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार मागेल तेवढे कर्ज देऊ लागला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव उतरले. कर्ज मात्र राहिले. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला, जो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. कर्जरोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता मूळ देण्याघेण्याचा हिशेब तपासण्याची मुभा या कायद्याने न्यायालयाला दिली.

आता याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेत काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहावे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना स्वातंत्र्य मिळाले, जमीन मिळाली नाही. ते पूर्वीच्याच मालकांची शेते वाट्याने कसू लागले. बियाणे, अवजारे आणि घरचे धान्य उभ्या पिकावर उधार घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्या किंवा दुकानदाराच्या वहीत जे लिहिलेले असेल ते मान्य करायचे, असा तो व्यवहार होता. १८७७ मध्ये दक्षिणेतील नव्या राज्य सरकारांना आधार देणाऱ्या केंद्रीय फौजा मागे घेतल्या गेल्या आणि यादवी युद्धानंतरचा, पुनर्रचनेचा म्हणून ओळखला जाणारा काळ संपला. त्याच १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला आपण पुढे जुनी गिरणी म्हणू लागलो. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यात कार्यकारणभाव शोधण्याचा मोह टाळावा. पण योगायोग बाजूला ठेवल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि आम्ही तो विचारला : आमच्याकडे निदान कागदावर न्यायालयाला सावकाराची वही उघडून पाहता येत होती, तुमच्या दक्षिणेत मळेवाल्याची वही कोणी उघडून पाहिली का, आणि नसेल तर का नाही? पाहुणे थोडा वेळ थांबले आणि मग त्यांनी उत्तराची सुरुवात वहीपासून न करता मतपेटीपासून केली. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा आणली, इतर दक्षिणी राज्ये त्याच वाटेने गेली, आणि ज्यांना वही उघडून हवी होती त्यांचे मतच उरले नाही. असा प्रश्न न्यूयॉर्कच्या सभागृहात कोणी विचारला असता असे मला वाटत नाही, कारण १८७९ चा हा कायदा तेथे कोणाच्या कानावरून गेलेला नसतो.

जात आणि वंश यांचा प्रश्न सोलापूरच्या प्रत्येक कार्यक्रमात निघतो, आणि तो निघायलाच हवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या अर्जाची प्रत मागितली. या गोष्टी आपल्या श्रोत्यांना पाठ असतात, त्यामुळे प्रश्नाच्या नावाखाली त्यांचा अभिमानाने उच्चार होतो, टाळ्या पडतात, आणि पाहुणे हसून मान डोलावतात. अभिमान रास्त आहे, पण पाहुण्यांना त्यावर बोलण्यासारखे काही मिळत नाही. ‘जात आणि वंश एकच का?’ हा प्रश्नही इतका मोठा आहे की त्याचे उत्तर कोणत्याही बाजूने देता येते. त्याऐवजी एक संस्था किंवा एक व्यवहार निवडावा. विवाह घ्या : भिन्न वंशीयांच्या विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केले, आपल्याकडे आंतरजातीय विवाहाला कायद्याची आडकाठी नसतानाही काय होते ते आपण जाणतो. बंदी कायद्यात असणे आणि बंदी घरात असणे यांतील कोणती मोडायला अधिक अवघड, असे विचारले की अभ्यासकाला आपले कागद उघडावे लागतात. पाण्यावरही असाच प्रश्न होऊ शकतो. १९२७ चा महाड सत्याग्रह आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगवेगळ्या नळांवरच्या पाट्या यांची तुलना करताना साम्याइतकाच भेदही विचारात घ्यावा.

रागाचा प्रश्नही टाकून देऊ नये, तो फक्त नीट मांडावा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरचे जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टॉवेलच्या धंद्यातील आमच्या एका श्रोत्याला पाहुण्यांना जाब विचारायचा होता. इतिहासाच्या अभ्यासकाला जाब विचारून काय मिळणार? आम्ही त्यांच्यासोबत बसून प्रश्न असा बदलला : आयातशुल्क बसवण्याचा अधिकार तुमच्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे संसदेला, दिलेला आहे, तर मग तो अध्यक्षांच्या हाती कसकसा जात गेला? यावर १९३० च्या कुप्रसिद्ध जकात कायद्यापासून १९३४ च्या व्यापार करार कायद्यापर्यंतचा सगळा प्रवास उलगडता येतो, आणि विचारणाऱ्याचा राग कमी झाला नाही तरी तो कोणावर धरायचा हे त्याला अधिक नेमके कळते.

शब्दांच्या जागा

एका कार्यक्रमात अनुवादाची जबाबदारी माझ्याकडे होती. पाहुणे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी बोलत होते आणि त्यांच्यापैकी अनेक लोक आजही ‘रिझर्व्हेशन’वर राहतात असे म्हणाले. मी क्षणाचाही विचार न करता मराठीत सांगितले की ते लोक आजही आरक्षणावर जगतात. दालनात कुजबुज सुरू झाली, मागच्या रांगेतून एकाने संतापाने हात वर केला, आणि पुढची दहा मिनिटे मी घातलेला घोळ निस्तरण्यात गेली. तेथे हा शब्द सरकारने जमातींसाठी राखून ठेवलेल्या भूभागाचा आहे. १८३० च्या कायद्यानंतर चेरोकी आणि इतर जमातींना त्यांच्या भूमीवरून उठवून पश्चिमेकडे नेण्यात आले, त्या इतिहासाशी तो जोडलेला आहे. सोलापुरात त्याच्या जवळ जाणारा शब्द खरे तर ‘सेटलमेंट’ हा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून कुंपणाआड आणि हजेरीच्या धाकात ठेवले गेले, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, आणि शहराच्या त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. हे मला त्या वेळी सुचले असते तर चूकही टळली असती आणि एक चांगला प्रश्नही मिळाला असता.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी आम्ही पंधरा-वीस शब्दांचा एक कागद तयार करून दारातच वाटतो. त्यांतले बरेच शब्द ओळखीचे वाटतात म्हणूनच घात करतात. ‘काँग्रेस’ म्हणजे तेथे पक्ष नव्हे, तर संसद. ‘रिपब्लिकन’ म्हटले की आपल्या श्रोत्यांसमोर १९५७ मध्ये स्थापन झालेला आंबेडकरी पक्ष उभा राहतो आणि तेथील रिपब्लिकन पक्षाची भूमिका ऐकून काही जण खरोखर गोंधळतात. ‘गव्हर्नर’चे भाषांतर राज्यपाल करू नये, तो लोकांनी निवडून दिलेला, राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवणारा माणूस असतो आणि अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा असतो. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हा सचिव नसून परराष्ट्रमंत्री होय. ‘पब्लिक स्कूल’ ही तेथे सरकारी, विनाशुल्क शाळा; आपल्याकडे ती पाटी बहुधा महागड्या खासगी शाळेवर लागते. ‘लिबरल’ हा सर्वांत निसरडा शब्द आहे, कारण अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात तो सरकारने कल्याणकारी खर्च करावा असे मानणाऱ्याला लावला जातो, तर अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मुक्त व्यापारवाल्याला. ‘राज्यांचे हक्क’ ही घोषणा आपल्याला संघराज्यवादी आणि पुरोगामीसुद्धा वाटते. तेथे गुलामगिरीच्या आणि पुढे वर्णभेदाच्या समर्थकांनी तिचा आश्रय घेतला होता. माणसांविषयीचे शब्द तर अधिकच जपून वापरावेत. जुन्या मराठी पुस्तकांतले ‘रेड इंडियन’ आणि ‘निग्रो’ हे शब्द जुन्या दस्तऐवजातून वाचताना अपरिहार्य असतील तेवढेच उच्चारावेत, आणि जमातीचे नाव माहीत असेल तेथे ते नाव घ्यावे.

अनुवादाचा वेळ आधीच हिशेबात धरावा. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरी बोलणारे श्रोते असतात, पण चारही भाषांत सांगणे शक्य नसते. आम्ही मराठी ठेवतो आणि प्रश्न मात्र कोणत्याही भाषेत लिहून घेतो. पाहुणे दोन मिनिटे बोलतील आणि अनुवादक दीड मिनिटात सांगेल, असे धरले तर दीड तासाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचे बोलणे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटे होते. म्हणून सहापेक्षा अधिक प्रश्न ठरवू नयेत, आणि ते अनुवादकाला दोन दिवस आधी द्यावेत.

सूत्रधाराला एवढे तरी ठाऊक हवे

अध्यक्षाची निवड थेट एकूण मतांवर होत नाही. ५३८ निर्वाचकांपैकी किमान २७० मिळवणारा जिंकतो. संसदेच्या प्रतिनिधिगृहातील ४३५ आणि सिनेटमधील १०० जागांइतके राज्यांचे निर्वाचक, आणि राजधानीच्या जिल्ह्याला मिळालेले ३, अशी ही बेरीज आहे. त्यामुळे देशभरातील मते कमी पडूनही उमेदवार अध्यक्ष होऊ शकतो; १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ या पाच वेळा तसे झाले. मतांची टक्केवारी आणि जागांची संख्या यांचा मेळ न बसणे आपल्याला लोकसभेमुळे परिचित आहे, म्हणून हे समजावणे कठीण जात नाही. सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात, हे मात्र दोनदा सांगावे लागते.

लिंकन रिपब्लिकन होते, मग कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत का देतात, हा प्रश्न हमखास येतो. १९३० च्या दशकातील रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणांपासून हे स्थलांतर सुरू झाले, आणि डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर व १९६५ च्या मताधिकार कायद्यावर सही केल्यानंतर दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे वळले. सूत्रधाराला हे दोन वाक्यांत सांगता आले की पाहुण्यांचा वेळ वाचतो.

प्रत्यक्ष संवाद

माझा पहिला प्रश्न तीन मिनिटे चालला होता. त्यात अमेरिकेच्या लोकशाहीवर लिहिणारे फ्रेंच लेखक टॉकव्हिल होते, १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ होता, आणि माझ्या वाचनाचे प्रदर्शन होते. पाहुण्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, ‘यात तीन प्रश्न दिसतात, कोणत्याचे उत्तर देऊ?’ खरे म्हणजे चार होते. तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागावर मावेल एवढाच लिहितो आणि मोठ्याने वाचून पाहतो. दम लागला तर तो मोडतो.

सुरुवात वस्तूपासून करावी. एखादे पत्र, छायाचित्र, मतपत्रिका किंवा खातेवहीचे पान पडद्यावर दाखवून ‘हे तुमच्या हाती कसे आले?’ असे विचारले की अभ्यासक खुलतो, कारण त्याच्या आयुष्यातली कित्येक वर्षे अशा कागदांच्या सहवासात गेलेली असतात आणि त्यांविषयी त्याला क्वचितच कोणी विचारते. त्यानंतर पुस्तकाच्या मुख्य म्हणण्याकडे वळावे. पूरक प्रश्न आधी लिहून ठेवता येत नाहीत, पण त्यांचे साचे लक्षात ठेवता येतात : हे आपल्याला कशावरून कळते, याच्या विरुद्ध जाणारा पुरावा कोणता, आणि पुस्तक लिहिताना आपले कोणते मत बदलले. शेवटचा प्रश्न मी शक्यतो कधीच गाळत नाही. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही त्या लेखकाविषयी माझे मत थोडे खाली येते, हे मान्य करतो.

उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे. पडद्यावरच्या संवादात आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि घाईने पुढचा प्रश्न विचारणारा माणूस पाहुण्यांचे सर्वांत चांगले वाक्य तोडतो. काही प्रश्न आम्ही मंडळाच्या वहीत कायमचे बाद केले आहेत : भारताविषयी आपले मत काय, तरुणांना काय संदेश द्याल, आणि पुढची निवडणूक कोण जिंकेल. पाहुण्यांनी भारताविषयी चुकीचे विधान केले तर ते एकदा, एका वाक्यात, वर्षासह दुरुस्त करावे आणि विषयावर परतावे.

भिन्न मतांच्या दोन पाहुण्यांना एकाच वेळी समोरासमोर बसवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटलेला नाही. त्यातून दूरचित्रवाणीवरची झुंज तयार होते आणि श्रोते निकाल लावू लागतात. एका महिन्यात एक आणि दोन महिन्यांनी त्याच्याशी न पटणारा दुसरा, आणि दुसऱ्याला पहिल्याचा नेमका मुद्दा विचारणे, ही पद्धत समतोल राखण्यास अधिक उपयोगी ठरली आहे.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत. ध्वनिक्षेपक हाती दिला की भाषण होते, आणि भाषण करणारे गृहस्थ बहुधा मंडळाचे देणगीदार असतात, त्यामुळे त्यांना थांबवताही येत नाही. चिठ्ठ्या निवडण्याचे काम आम्ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे सोपवतो आणि पहिली चिठ्ठी विद्यार्थ्याचीच घेतो.

वेळ आणि यंत्रे

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते बदलते. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता तेथे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात, म्हणून ही वेळ दोन्हीकडे सोयीची आहे. पाहुणे कॅलिफोर्नियात असतील तर त्यांचे त्या वेळी सकाळचे सात किंवा सहाच वाजलेले असतात, तेव्हा त्यांना विचारूनच वेळ ठरवावी. घड्याळबदलाच्या आठवड्यात कार्यक्रम ठेवल्यामुळे एकदा सव्वाशे माणसे तासभर रिकाम्या पडद्याकडे पाहत बसली होती. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत कार्यक्रम घेऊ नये, कारण अर्धे शहर तेथे असते. मे महिन्यात पंखे नसलेल्या दालनात अजिबात घेऊ नये. इंटरनेटच्या दोन वेगळ्या जोडण्या, वीज गेल्यास इन्व्हर्टर, आणि आवाज घुमू नये म्हणून ध्वनिक्षेपकांची वीस मिनिटे आधी चाचणी, एवढे पुरते. ध्वनिमुद्रणाची परवानगी लेखी घ्यावी.

शब्दांकन

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत शब्दांकन झाले नाही तर ते होत नाही. ध्वनिमुद्रण ऐकून आधी सगळे जसेच्या तसे उतरवावे, मग बोलण्यातली पुनरुक्ती काढावी, पण पाहुण्यांनी ‘बहुधा’, ‘माझ्या मते’ किंवा ‘या एका राज्यापुरते’ असे जे शब्द वापरले असतील त्यांना हात लावू नये. मराठी करताना हेच शब्द पहिल्यांदा गळतात आणि सावध विधान ठाम होऊन बसते. माणसांची व गावांची नावे, वर्षे आणि आकडे यांची एक स्वतंत्र यादी पाहुण्यांना इंग्रजीत पाठवून तपासून घ्यावी. काही पाहुणे आपले संपूर्ण बोलणे नव्याने लिहून पाठवतात. अशा वेळी तथ्यांची दुरुस्ती स्वीकारावी आणि बोललेल्या वाक्याच्या जागी लिहिलेला परिच्छेद घेता येणार नाही, असे आदराने कळवावे.

वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या आम्ही फेकत नाही. कापसाच्या वहीचा प्रश्न ज्या कार्यक्रमात विचारला, तो मुळात त्याच्या चार महिने आधीच्या, अगदी वेगळ्या विषयावरच्या कार्यक्रमातल्या, न वाचलेल्या चिठ्ठीवर एका निवृत्त गिरणी कामगाराने मोडीच्या वळणाच्या अक्षरात लिहिलेला होता.